महागडं रेस्टॉरंट आणि निराश करणारी सर्व्हिस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं लिहायची वेळ का आली?

आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून आम्ही चौघं मुंबईतल्या एका फाइन डायनिंग रेस्टॉरंटमध्ये गेलो होतो, नाव घेत नाही. टेस्टिंग मेनू, म्हणजे शेफने ठरवलेले एकामागून एक छोटे छोटे कोर्स, माणशी ४,६०० रुपये, तीन आठवडे आधी बुकिंग. बुकिंग करताना मी फोनवर दोनदा सांगितलं आणि फॉर्ममध्येही लिहिलं की आई पूर्ण शाकाहारी आहे, अंडंसुद्धा खात नाही. बसल्यावर वीस मिनिटं पाणी विचारायला कोणी आलं नाही. सूप आलं ते कोमट, वर साय धरलेली. शेजारच्या टेबलावर शेफ स्वतः येऊन गप्पा मारून गेला, आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही. हे सगळं आम्ही गिळलं, कारण दिवस चांगला होता आणि कोणाला तो खराब करायचा नव्हता.

मग डेझर्ट आलं, पन्नाकोटा. आईने वाढणाऱ्या मुलाला विचारलं, यात अंडं वगैरे नाही ना. तो म्हणाला, नाही मॅडम, प्युअर व्हेज. तिने दोन चमचे खाल्ले आणि कॅप्टन, म्हणजे वाढणाऱ्यांच्या वरचा माणूस, जवळजवळ धावतच आला, सॉरी, यात जिलेटिन आहे, तुमची प्लेट वेगळी होती. आईने चमचा आवाज न करता खाली ठेवला, मांडीवर तो कडक पांढरा नॅपकिन असूनही पदराच्या टोकाने ओठ पुसले, आणि घरी पोचेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. तिच्या आयुष्यात ६३ वर्षांत पहिल्यांदा असं झालं होतं. आणि बिल आलं तेव्हा त्यात १० टक्के सर्व्हिस चार्ज होता.

नंतर ज्याला ज्याला हे सांगितलं त्याच्याकडे स्वतःचा असा एक अनुभव होता, आणि सगळ्यांचे प्रश्नही तेच. माझा मावसभाऊ दादरच्या केटरिंग कॉलेजमधून शिकलाय, १९५४ साली सुरू झालेलं देशातलं पहिलं हॉटेल मॅनेजमेंट कॉलेज ते, आणि नंतर बरीच वर्षं त्याने एका फाइव्ह स्टारमध्ये कॅप्टन म्हणून काम केलं. त्याला खोदून खोदून विचारलं, स्वतः कायदा वाचला, आणि ते सगळं इथे मांडतेय.

एवढे पैसे घेतात ते नक्की कशाचे?

जेवणाचे तर आहेतच, पण अशा ठिकाणी निम्मे पैसे आपल्याकडे कोणाचं तरी लक्ष असण्याचे असतात. पाणी संपायच्या आत कोणीतरी भरावं, काय खातोय ते कळेल असं सांगावं, घाई करू नये आणि ताटकळतही ठेवू नये.

आपल्याला हे नवीन नाही खरं तर. चांगली पंगत आठवा. पानात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, सगळं ठरलेलं. वाढपी पातेलं घेऊन रांगेतून फिरताना कोणाच्या पानावरचा भात संपतोय ते लांबूनच बघतो, यजमान 'सावकाश होऊ द्या' म्हणत एकदा तरी प्रत्येकापर्यंत येतो. माझे आजोबा गावच्या उत्सवात वाढायला असायचे, ते म्हणायचे पान बघायचं, तोंड बघायचं नाही, माणूस श्रीमंत आहे की गरीब हे वाढप्याला दिसताच कामा नये. मी कुठल्याही महागड्या रेस्टॉरंटला याच मापाने मोजते.

एकामागून एक डिश आणायची ही पद्धत युरोपातही फार जुनी नाही. आधी तिकडे सगळं एकदम टेबलावर मांडायचे, १९व्या शतकात रशियन पद्धत म्हणून एकेक कोर्स वाढायची रीत तिथे रुळली. ती चालवायला टेबलाशी माणूस सतत हजर लागतो, आणि तो माणूस नसला की सगळंच कोसळतं.

हे मिशेलिन स्टारवालं रेस्टॉरंट आहे असं सांगतात, ते खरं असतं का?

भारतातल्या रेस्टॉरंटबद्दल सांगत असतील तर नाही, मिशेलिन गाईडची भारतात आवृत्तीच नाही. शेफला परदेशातल्या रेस्टॉरंटसाठी स्टार मिळालेला असू शकतो, विनीत भाटियांना २००१ मध्ये लंडनला मिळाला होता तसा. आपल्याकडे जास्त बोलबाला असतो तो आशियातल्या पन्नास सर्वोत्तम रेस्टॉरंटच्या यादीचा, मुंबईतल्या महालक्ष्मीचं मास्क सलग काही वर्षं त्या यादीत भारतातलं पहिलं होतं. पण कुठल्याही यादीतलं नाव म्हणजे तुमच्या टेबलावर त्या रात्री सर्व्हिस चांगलीच मिळेल याची गॅरंटी नव्हे.

दोन कोर्सच्या मधे किती वेळ थांबणं नॉर्मल आहे?

दहा-पंधरा मिनिटं. आठ-दहा कोर्सचा टेस्टिंग मेनू असेल तर अडीच-तीन तास लागणारच, ते धरूनच जायचं, लोकलची शेवटची गाडी पकडायची असेल तर आधीच सांगून ठेवायचं.

एक गोष्ट मला भावाकडून कळली. टेबलावरचा एक जण जरी वॉशरूमला किंवा फोनवर बोलायला उठला तरी चांगल्या ठिकाणी पुढचा कोर्स थांबवून ठेवतात, कारण सगळ्यांच्या प्लेट्स एकदमच ठेवायच्या असतात. म्हणजे उशीर कधीकधी आपल्यामुळेही होतो. पण कोणीही जागचं हललेलं नसताना पंचवीस मिनिटं झाली आणि कोणी येऊन सांगितलंही नाही, तर ती त्यांचीच चूक, कदाचित केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, किचनमध्ये पोचलीच नसेल किंवा प्लेट तयार होऊन पासवर, म्हणजे किचनमधल्या तयार प्लेट ठेवायच्या काउंटरवर, गार होत पडली असेल. आमच्या सूपवर साय धरली होती ती अशीच, ते केव्हाच तयार होतं, उचलून आणायला माणूस नव्हता.

तक्रार कोणाला करायची, आणि केव्हा?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर. त्याच वेळी करायची, जेवण चालू असताना, आणि कॅप्टनला. प्लेट आणून ठेवणारा तो स्टुअर्ड, बऱ्याचदा विशी-बाविशीतला पोरगा असतो, कधी ट्रेनिंगवर आलेला, त्याच्या हातात काहीच नसतं आणि त्याच्यावर ओरडून आपलं काम होत नाही. त्याच्यावर कॅप्टन, जो ऑर्डर घेतो आणि तीन-चार टेबलं सांभाळतो, त्याच्यावर मॅनेजर. डिश बदलून देणं, बिलातून काढणं, किचनला सांगून पुढचा कोर्स लवकर काढणं हे कॅप्टन आणि मॅनेजर करू शकतात.

मी काय चूक केली, तर सूप गार होतं तेव्हा गप्प बसले. बाबा म्हणाले जाऊ दे, आणि मी पण जाऊ दिलं. भाऊ म्हणाला की पहिल्या चुकीला सांगितलं असतंस तर मॅनेजरने ते टेबल लक्षात ठेवलं असतं, पुढची प्रत्येक प्लेट तुमच्याकडे यायच्या आधी कोणीतरी तपासली असती, पन्नाकोटा कदाचित पासवरच अडला असता. हे ऐकल्यापासून मला फार लागून राहिलंय.

सांगताना काय झालं तेवढंच सांगायचं. "सूप गार आहे, साय आली आहे, गरम करून न आणता नवीन द्या." एवढं पुरतं. चारचौघात तमाशा होईल असं वाटत असेल तर उठून दारापाशी जायचं आणि तिथे होस्टेसला सांगायचं की मॅनेजरना दोन मिनिटं बोलवा.

इंग्लिशमध्येच बोलावं लागतं का? मराठी बोललं की वेगळी वागणूक मिळते असं वाटतं.

मराठीत बोला. खरंच बोला. असं वाटतं म्हणता ते खोटं नाही, मी स्वतः ते त्या रात्री पाहिलं, पण त्यावर उपाय म्हणून आपण तोडकंमोडकं इंग्लिश बोलत अवघडून बसायचं हे मला पटत नाही. ४,६०० रुपये मराठीतूनही तेवढेच असतात.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी भावाबरोबर गेलो, तिथे आईने सरळ मराठीत विचारायला सुरुवात केली, तर तो स्टुअर्ड साताऱ्याकडचा निघाला. मग तो प्रत्येक डिश आणताना सांगायचा, "मावशी, ह्यात काजूची पेस्ट आहे, कांदा नाही, हे आधी खा मग ते." मेनूवर त्या डिशचं नाव वाचून आम्हाला काहीही कळलं नव्हतं, त्याच्या दोन वाक्यांत कळलं. समोरचा मराठी नसला तर हिंदीत बोलेल, त्यात काय. कळलं नाही तर पुन्हा विचारायचं, मेनू समजावून सांगणं हे त्यांच्या कामातच येतं.

हाताने खाल्लं तर चालतं का? काटे-चमचे चुकले तर?

चालतं. दिल्लीच्या आयटीसी मौर्यमधलं बुखारा जगभर नावाजलंय आणि तिथे हातानेच खातात, गळ्याला मोठा एप्रन बांधून. पोळी, नान, तंदुरी पदार्थ हातानेच खायचे असतात.

काटे-चमच्यांचं सोपं आहे, बाहेरून आत यायचं, पहिल्या कोर्सला सगळ्यात बाहेरचे. एक खूण मात्र लक्षात ठेवा कारण त्यावरून गैरसमज होतात : काटा आणि सुरी प्लेटमध्ये शेजारीशेजारी समांतर ठेवली की झालं असा अर्थ होतो आणि प्लेट उचलली जाते, एकमेकांकडे तिरकी ठेवली की अजून खातोय. बाबांची अर्धी प्लेट अशीच उचलून नेली होती. अर्थात चांगला स्टुअर्ड अन्न शिल्लक दिसलं की आधी विचारतो.

ड्रेस कोड काय असतो?

बहुतेक ठिकाणी शॉर्ट्स आणि स्लीपर नको, एवढंच. साडी, कुर्ता, पैठणी, सगळं चालतं.

साधं पाणी मागितलं तर नाक मुरडतात, बाटलीच घ्यावी लागते का?

नाही. "रेग्युलर वॉटर" किंवा फिल्टरचं पाणी द्या असं सुरुवातीलाच सांगा. ते 'स्टिल की स्पार्कलिंग', म्हणजे बाटलीतलं साधं की बुडबुड्यांचं पाणी, असं विचारतात आणि आपल्याला वाटतं दोनच पर्याय आहेत. बाटली घेतली तर तिच्यावर छापलेल्या एमआरपीपेक्षा जास्त लावू शकतात, डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हॉटेल-रेस्टॉरंटना तशी मुभा दिली आहे, कारण तिथे नुसती बाटली विकत नाहीत, बसायची जागा आणि सेवाही देतात असं कोर्टाने धरलं. त्यामुळे त्यावर भांडून उपयोग नाही, किंमत आधी विचारणंच बरं.

वाईन आणली की थोडीशी चाखायला देतात, आवडली नाही तर परत करता येते का?

ते चाखणं आवडली का हे बघायला नसतं, बाटली खराब नाही ना हे बघायला असतं. बुचामुळे वाईन बिघडली असेल तर ओल्या पुठ्ठ्यासारखा, कोंदट वास येतो, तो आला तर बिनधास्त सांगा, बदलून द्यायलाच हवी. स्क्रू कॅपच्या बाटलीत हा बुचाचा प्रश्न जवळजवळ नसतोच. आणि ग्लासची किंमत विचारायला लाजू नका, मेनूत बोट दाखवून "या रेंजमधलं काहीतरी सुचवा" म्हटलं की काम होतं. सोमेलिएने, म्हणजे वाईन सुचवणाऱ्या जाणकाराने, नाशिकची वाईन सुचवली तर स्वस्तातलं देऊन आपल्याला टाळलं असं समजू नका, तिथल्या वाईन चांगल्या असतात.

शाकाहारी, जैन, ॲलर्जी असं काही असेल तर काय काळजी घ्यायची?

माझ्या अनुभवानंतर मी यावर सगळ्यात जास्त वाचलंय. 'व्हेज आहे' या उत्तरावर थांबायचं नाही, पदार्थाचं नाव घेऊन विचारायचं, कारण वाढणाऱ्या मुलाला बऱ्याचदा खरंच माहीत नसतं. जिलेटिन हे जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनतं आणि पन्नाकोटा, मूस, मार्शमेलो यांत सर्रास असतं, त्याऐवजी चायना ग्रास वापरता येतं. पारंपरिक पार्मेझान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या घटकाने, बनतं. सीझर ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही म्हणजे छोटे मासे असतात. थाई करी पेस्टमध्ये बऱ्याचदा कोळंबीची पेस्ट असते. सूप आणि रिसोटो (इटालियन भात) ज्या उकळलेल्या रसात शिजवतात तो स्टॉक कशाचा आहे हे विचारायचंच.

बुकिंगच्या वेळी सांगा, मेसेज किंवा मेलवर लेखी घ्या, आणि बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत कॅप्टनला परत सांगा आणि त्याला म्हणा की किचनला विचारून या. तो आत जाऊन येतोय हे दिसलं पाहिजे. जागेवरूनच "हो हो मॅडम" आलं तर पुन्हा पाठवा. ॲलर्जी असेल तर हा जिवाचा प्रश्न आहे, शेंगदाण्याच्या ॲलर्जीवाल्या माणसासाठी तर संकोच अजिबात करू नका.

सर्व्हिस खराब होती, तरी सर्व्हिस चार्ज द्यावाच लागतो का?

नाही, आणि सर्व्हिस चांगली असली तरी तो सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला गाईडलाईन्स काढल्या : हॉटेल किंवा रेस्टॉरंट बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावू शकत नाही, दुसऱ्या नावानेही घेऊ शकत नाही, तो देत नाही म्हणून आत सोडायचं नाही असंही करू शकत नाही. रेस्टॉरंटवाल्यांच्या दोन संघटना कोर्टात गेल्या, मधे काही काळ स्थगितीही होती, पण २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टाने गाईडलाईन्स कायम ठेवल्या आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी १ लाख रुपये भरायला सांगितले. संघटना त्याविरुद्ध अपिलात गेल्या.

आमच्या बिलाचाच हिशोब सांगते म्हणजे कळेल. चौघांचे १८,४०० रुपये. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज १,८४० रुपये, मग या २०,२४० वर ५ टक्के जीएसटी १,०१२ रुपये, एकूण २१,२५२. म्हणजे सर्व्हिस चार्जवर पण जीएसटी लावला होता, आणि गाईडलाईन्समध्ये नेमकं हेच करू नका असं लिहिलंय. सर्व्हिस चार्ज काढला तर १८,४०० वर जीएसटी ९२० रुपये, एकूण १९,३२०. फरक १,९३२ रुपयांचा. बिलाचं फोल्डर उघडून कार्ड ठेवायच्या आधी ओळ न् ओळ वाचा, आणि "हा काढून नवीन बिल द्या" एवढंच म्हणा. बहुतेक ठिकाणी न बोलता काढतात. मी त्या रात्री वाचलंच नाही, आईकडे बघत होते.

जीएसटी कुठे ५ टक्के, कुठे १८ टक्के, असं का?

स्वतंत्र रेस्टॉरंट असेल तर ५. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० च्या वर जातं तिथल्या रेस्टॉरंटमध्ये १८. दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट वेगळा लागतो. हे सरकारचे कर आहेत, सर्व्हिस खराब होती म्हणून काढता येत नाहीत.

मग टिप द्यायची की नाही?

तुमची मर्जी. सर्व्हिस चार्ज हॉटेलच्या खात्यात जातो, पुढे तो कसा वाटायचा ते हॉटेल ठरवतं, म्हणून ज्याने खरंच नीट वाढलं त्याला काही द्यायचं असेल तर रोख, हातात द्या. काही ठिकाणी टिप एका बॉक्समध्ये टाकून महिन्याला सगळ्यांत वाटतात, भांडी घासणाऱ्यांनाही त्यातलं मिळतं, आणि मला ती पद्धत आवडते.

चूक झाली की फुकट डेझर्ट आणून ठेवतात, ते घ्यावं का?

आधी माफी मागितली, चूक काय झाली ते कबूल केलं, तर आनंदाने घ्या. नुसतंच आणून ठेवलं आणि कोणी काही बोलत नसेल तर विचारा, हे कशाबद्दल? आम्हाला कॅप्टनने आईसाठी फळांची प्लेट आणून दिली होती. तिने हातही लावला नाही. सगळ्याच चुका अशा भरून येत नाहीत हे त्यांनाही कळायला हवं.

रेस्टॉरंटने ऐकलंच नाही तर पुढे कुठे जायचं?

आधी मॅनेजरला मेल, बिलाच्या फोटोसकट. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, नंबर १९१५, तिथे मराठीतही बोलता येतं. ते रेस्टॉरंटला कळवतात, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. त्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, ई-जागृती पोर्टलवरून तक्रार करता येते, घटनेपासून २ वर्षांच्या आत. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकीलही लागतोच असं नाही. शाकाहारी सांगून मांसाहारी दिलं, खराब अन्न दिलं असं असेल तर एफडीएकडेही, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे, जाता येतं, त्यासाठी बिलावरचा १४ आकडी एफएसएसएआय नंबर, म्हणजे अन्न परवान्याचा नंबर, लागतो, म्हणून बिल फेकू नका.

रिव्ह्यू लिहावा का?

लिहा, पण घरी येऊन झोपून उठल्यावर. तारीख, वेळ, काय मागितलं, काय आलं, सांगितल्यावर ते काय म्हणाले, एवढंच. वाढणाऱ्या मुलाचं नाव लिहू नका, एका चुकीच्या रात्रीसाठी त्याचं नाव इंटरनेटवर कायमचं राहतं.

तुमच्या तक्रारीचं पुढे काय झालं?

मेल केला, चौथ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. माफी नीट मागितली, मला नाही, आईला फोन द्यायला सांगून तिला मागितली. १,९३२ रुपये कार्डवर परत आले. पन्नाकोटा आता सगळ्यांसाठीच चायना ग्रासचा करतो असं म्हणाले. आयोगाकडे जायचं की नाही ते मी आईवर सोडलं होतं, ती नको म्हणाली. पण दोन दिवसांनी तिने मला परत त्यांना फोन करायला लावला, त्या पोराला कामावरून काढलं तर नाही ना एवढं विचारायला. नव्हतं काढलं.